ऑफ-रोड गाडीत इंधनाची टाकी बसवताना

स्वतः बांधलेल्या ऑफ-रोड गाडीत टाकी कुठे बसवावी, हे रिकाम्या दिसणाऱ्या जागेवरून ठरवू नये. मागचे सस्पेन्शन पूर्ण दाबले गेल्यावर डिफरन्शियल (अॅक्सलच्या मधला गिअरांचा गोळा) आणि प्रॉपेलर शाफ्ट (त्याला इंजिनाची ताकद पोचवणारा फिरता दांडा) कुठपर्यंत येतात, यावरून ते ठरवावे. त्यासाठी स्प्रिंगा काढून अॅक्सल बंप स्टॉपला (त्याला वर अडवणाऱ्या रबरी ठोकळ्याला) टेकेपर्यंत जॅकने उचलावा, एकेका बाजूनेही उचलून पाहावा आणि पुठ्ठ्याचा नमुना ठेवून भोवती किमान पाच सेंटीमीटर अंतर सुटते का ते तपासावे. मागच्या अॅक्सलच्या पुढे, चासीच्या दोन लांब तुळयांमध्ये आणि सायलेन्सरपासून दूर जागा मिळाली तर उत्तम. ६० लिटर पेट्रोलचे वजन सुमारे ४५ किलो भरते, त्यामुळे टाकी वर नेली की गाडी उलटण्याचा धोका वाढतो.

खडबडीत वाटेवर चासी पिळवटते. टाकीचे चारही कोपरे थेट बोल्टने आवळले, तर तो पीळ टाकीत उतरतो आणि तिचे वेल्डिंग तडकते. म्हणून टाकी लोखंडी चौकटीत पट्ट्यांनी धरावी आणि ती चौकट रबरी बुशांवर तीन ठिकाणी टेकवावी. अॅल्युमिनियमची टाकी असेल, तर पट्टी आणि टाकी यांमध्ये रबर हवेच. गोव्याच्या खारट हवेत लोखंडाला चिकटलेले अॅल्युमिनियम लवकर खाल्ले जाते. फेल्ट वापरू नये, कारण ते तांबड्या मातीचा ओला गाळ धरून ठेवते. आत छिद्रे असलेले आडवे पडदे (बॅफल) असावेत, म्हणजे चढावर इंधन पंपाच्या तोंडापासून एकदम पळत नाही.

सर्वाधिक दुर्लक्ष होते ते ब्रीदरकडे, म्हणजे टाकीत हवा ये-जा करू देणाऱ्या नळीकडे. पावसाळ्यात गोव्याच्या सत्तरी किंवा सांगे तालुक्यातला एखादा ओहोळ ओलांडताना तापलेली टाकी अचानक थंड होते, आतली हवा आकसते आणि ब्रीदरचे तोंड पाण्याखाली असेल तर पाणी आत ओढले जाते. ई-२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलमधले इथेनॉल ते शोषून घेते, पण मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल एकत्र तळाशी बसतात, आणि पंपाचे तोंड नेमके तिथेच असते. म्हणून ब्रीदरची नळी चालकाच्या केबिनबाहेरून, पाण्याच्या पातळीपेक्षा बरीच वर न्यावी आणि गाडी उलटल्यावर बंद होणारा व्हॉल्व्ह तिला जोडावा. इंधनाचे रबरी होजही इथेनॉलला टिकणारे आणि फ्युएल इंजेक्शनचा दाब सोसणारे घ्यावे.

इंधन भरण्यापूर्वी टाकीत ०.२ बारपेक्षा अधिक हवा न भरता साबणाच्या पाण्याने गळती तपासावी, आणि टाकी व भरण्याची नळी यांना चासीशी अर्थिंग द्यावे. वापरलेल्या टाकीवर वेल्डिंग करू देऊ नये, मेस्त्री कितीही भरवशाचा असला तरी. रिकाम्या टाकीतली वाफच पेट घेते. गाडी रस्त्यावर चालवायची असेल, तर मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार बदल करण्यापूर्वीच नोंदणी अधिकाऱ्यांकडे विचारणा करावी.

पहिल्यांदा इंधन दहा-दहा लिटरने भरून इंधन दाखवणाऱ्या काट्याच्या खुणा नोंदवाव्यात आणि पहिल्या खडतर फेरीनंतर पट्ट्या पुन्हा आवळाव्यात, कारण तोपर्यंत रबर दबलेले असते.