लायनरच्या तलावाची गळती: ठिगळाची घाई नको

पोहण्याच्या तलावाचं पाणी उतरायला लागलं की पहिला संशय लायनरवर, म्हणजे तळाला आणि भिंतींना आतून लावलेल्या व्हिनाइलच्या अस्तरावर, आणि मग गॉगल लावून तळाला भोक शोधत बुड्या मारणं सुरू. पण लायनर बहुधा तिथेच दगा देतो जिथे तो मुद्दाम कापून काही बसवलेलं असतं: स्किमरचं (पाण्यावरचा कचरा ओढून घेणाऱ्या खिडकीचं) तोंड, पाणी आत सोडणारे जेट, दिवा, पायऱ्या, तळाचा ड्रेन. म्हणून आधी तिथे बघा.

त्याहीआधी गळती खरंच आहे का ते ठरवा. उन्हावाऱ्यात दिवसाला पाच-सहा मिलीमीटर पाणी नुसतं उडून जाऊ शकतं. तलावाच्याच पाण्याने भरलेली बादली पायरीवर ठेवा, वजनाला आत दगड टाका आणि बादलीतली व तलावाची पातळी सारखी करून दोन्हीकडे खूण करा. चोवीस तास कुणी पोहायचं नाही, आपोआप भरणारा नळही बंद. दोन्हीकडे सारखीच घट दिसली तर ते बाष्पीभवन. तलाव जास्त उतरला तर गळती. पाच बाय दहा मीटरच्या तलावात एक सेंटीमीटर म्हणजे ५०० लिटर, हे लक्षात असू द्या.

हीच चाचणी एकदा पंप चालू ठेवून आणि एकदा बंद ठेवून करायची. बहुतेक जण दुसरी फेरी टाळतात, आणि खरी माहिती तिथेच असते. पंप चालू असताना पाणी जास्त जात असेल तर पंपानंतरच्या, म्हणजे दाबाच्या पाइपवर संशय घ्या. फिल्टरच्या बॅकवॉश व्हॉल्व्हचं (फिल्टर उलट्या प्रवाहाने धुण्याच्या झडपेचं) गॅस्केट झिजलं तर पाणी गुपचूप निचऱ्याच्या पाइपातून निघून जातं, तेव्हा त्या पाइपाचं टोकही पाहा. जेटमधून हवेचे बुडबुडे येत असतील तर ओढीच्या बाजूला, म्हणजे तलावातून पंपाकडे येणाऱ्या पाइपात, कुठेतरी हवा शिरते आहे. पंप बंद असतानाही पाणी तितकंच जात असेल तर लायनर आणि फिटिंग तपासा.

पाणी एका ठरावीक उंचीला थांबलं तर ते सोन्याहून पिवळं. गळती साधारण त्याच रेषेवर असते. तिथे पंप बंद करून, पाणी स्थिर झाल्यावर, सिरिंजने रंगाचा एखादा थेंब जवळ सोडा. रंग फटीत ओढला गेला की जागा सापडली. पाणी हलत असताना हे करण्यात अर्थ नाही. फिटिंगचे स्क्रू ढिले असतील तर समोरासमोरचे आळीपाळीने आवळा. जोर लावलात तर प्लास्टिकची पट्टी तडकते.

सगळ्यात महाग चूक म्हणजे दुरुस्तीसाठी तलाव रिकामा करणं. पाण्याचा भार गेला की जुना लायनर आक्रसतो, पुन्हा भरताना कोपऱ्यात फाटतो. जमिनीत पाणी असेल तर तो खालून फुगतो, कमकुवत भिंती आत झुकू शकतात. गरजही नसते, कारण पाण्याखाली चिकटणारा व्हिनाइलचा डिंक मिळतो. शेवाळ घासून काढा, भोकाच्या चहूबाजूंनी पाच सेंटीमीटर जास्त असं गोल ठिगळ कापा (टोकदार कोपरे उचकटतात), डिंक लावून ते दुमडूनच पाण्यात न्या आणि मधून कडेकडे दाबत हवा काढा. वर वजन ठेवून दिवसभर राहू द्या.

नंतर पुन्हा बादली ठेवा. पातळी अजून उतरत असेल तर दुसरी गळती आहे. तळाला पायाखाली भुसभुशीत लागलं, तर पाण्याने लायनरखालची वाळू वाहून नेलेली असू शकते, आणि तिथे ठिगळाने भागत नाही.