कारपूल योजना आखताना आधी संध्याकाळ सोडवा

शहराबाहेरच्या कार्यालयांत कारपूल, म्हणजे सहकाऱ्यांनी मिळून एकाच गाडीने येणं-जाणं, मोडतं ते बहुतेकदा परतीच्या वेळी. सकाळी सगळ्यांना एकाच वेळेला पोहोचायचं असतं. संध्याकाळी मात्र कुणाची मीटिंग लांबते, कुणाला घरून तातडीचा फोन येतो, आणि बस तर तासाला एखादी. अडकलो तर घरी कसं जायचं, याचं उत्तर मिळाल्याशिवाय कुणीही आपली गाडी घरी ठेवणार नाही. म्हणून नोंदणीआधीच कंपनीने लेखी हमी द्यावी: आजारपण, घरची अडचण किंवा वरिष्ठांनी ऐनवेळी थांबवलं, तर टॅक्सीचं भाडं कंपनीचं. ही सोय वर्षातून किती वेळा मिळेल आणि फोन कुणाला करायचा, हेही त्यातच लिहा. हमी नसेल तर पुढचं काहीच सुरू करू नका.

नोंदणीत पूर्ण पत्ता मागू नका, घराजवळचा चौक पुरे. शिफ्टची वेळ, ती किती मिनिटं मागेपुढे चालेल, कोणते दिवस, गाडी आहे का, आणि महिलांना फक्त महिलांसोबत प्रवास हवा आहे का, एवढं विचारा.

गट जुळवताना नकाशावरचं सरळ अंतर फसवतं. मधे नदी किंवा रेल्वेमार्ग असला, तर शेजारचे ठिपकेही प्रत्यक्षात लांब पडतात. चालकाच्या रोजच्या वाटेवर कोण आहे ते बघा आणि वळसा 10 मिनिटांच्या आत ठेवा. दारोदारी थांबू नका; मुख्य रस्त्यावर, उजेड असलेली एकच जागा ठरवा. पाच आसनी गाडीत चालकासह चौघे पुरेत, आणि त्यांतले किमान दोघे गाडीवाले असावेत, म्हणजे एकाच्या रजेने गट बंद पडत नाही.

सगळ्यांनीच आळीपाळीने आपली गाडी काढली तर पैशांचा प्रश्नच येत नाही. नाहीतर इंधन वाटून घ्या: जाऊन-येऊन 50 किलोमीटर आणि लिटरला 15 किलोमीटर धरले, तर सुमारे 3.3 लिटर लागतं. चौघांत प्रत्येकी 0.8 लिटरच्या आसपास. चालकाचा वाटाही यात धरायचा. खर्चापेक्षा जास्त घेतलं तर ती भाड्याची वाहतूक ठरू शकते आणि विमा कंपनी दावा नाकारू शकते, म्हणून पॉलिसीच्या अटी आधी वाचा.

उशीर करणाऱ्यासाठी थांबण्याची मर्यादा 3 मिनिटं. हे पहिल्याच दिवशी सर्वांसमोर ठरवा, नंतर सांगायला अवघड जातं.

कारपूलच्या गाड्यांसाठी दाराजवळच्या पार्किंगच्या थोड्याच जागा राखून ठेवा; रिकाम्या दिसल्या की इतर कर्मचारी चिडतात. शिफ्ट सुरू झाल्यावर अर्ध्या तासाने त्या सगळ्यांना खुल्या करा. सुरुवात एकाच शिफ्टपासून, सहा आठवड्यांसाठी करा, आणि मधेच सोडून गेलेल्यांना कारण जरूर विचारा.