नव्या स्टाफ नर्सनो, पहिल्या सहा महिन्यांत या चुका टाळा

नर्सिंगचं जीएनएम (डिप्लोमा) किंवा बीएस्सी झालं, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी झाली आणि वॉर्डात पहिली नाईट लागली. शिकताना दोन-तीन पेशंट असायचे, मागे ट्यूटर उभ्या. आता अख्खा वॉर्ड अंगावर. धांदल उडणारच. पण नव्यांच्या बऱ्याच चुका ‘विचारलं तर काय म्हणतील’ या धास्तीतून होतात.

सगळ्यात महागात पडतो तो औषधाचा अंदाज. इन्सुलिनचंच घ्या. आपल्याकडे वायलमध्ये (औषधाच्या छोट्या बाटलीत) बहुधा एका मिलीत ४० युनिट असतात, काहींत मात्र १००. लाल टोपीची सिरिंज ४० साठी, नारिंगी १०० साठी. १०० चं इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजमध्ये दहाच्या खुणेपर्यंत ओढलंत, तर पेशंटला दहाऐवजी २५ युनिट जातात आणि साखर धाडकन उतरते. पोटॅशियम क्लोराईड तर थेट शिरेत कधीच द्यायचं नाही. सलाईनमध्ये पातळ करून, सावकाश. ही दोन आणि रक्त गोठू न देणारं हेपॅरिन देण्याआधी दुसऱ्या सिस्टरला किंवा ब्रदरला दाखवाच. सिनियर वैतागल्या तर वैतागू देत.

रात्री आरएमओंनी (ड्युटीवरच्या निवासी डॉक्टरांनी) फोनवर सांगितलेली ऑर्डर नुसतं ‘हो सर’ म्हणून सोडू नका. लिहून घ्या, डोससकट वाचून दाखवा, सकाळी सही घ्या.

चार्टिंग, म्हणजे पेशंटच्या नोंदी, शिफ्टच्या शेवटी एकदम उरकू नका. ओळीने सगळ्यांचं बीपी १२०/८० दिसलं की इन्चार्ज काय ते ओळखतात.

सुई टोचली तर लपवू नका. ओरडा बसेल म्हणून गप्प राहणारे बरेच असतात, आणि इथे वेळच मोलाचा असतो. बोट पिळू नका, साबण-पाण्याने धुवा, लगेच कळवा. एचआयव्ही प्रतिबंधाची औषधं लागणार असतील तर शक्यतो दोन तासांत सुरू व्हावीत. ७२ तासांनंतर ती सुरू करत नाहीत. कोर्स २८ दिवसांचा असतो. हिपॅटायटिस बीची लस रुजू होण्याआधीच पूर्ण करा.

नातेवाईक अंगावर आले तर एकटीने वाद घालू नका, सिक्युरिटी आणि डॉक्टरांना बोलवा. दवाखान्यातल्या हिंसाचाराविरुद्धच्या महाराष्ट्राच्या २०१० च्या कायद्याचं संरक्षण नर्सनाही आहे. हल्लेखोराला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आणि ड्युटीच्या नुसत्या विचाराने रोज पोटात गोळा येत असेल, झोप उडाली असेल, तर ‘सवय होईल’ म्हणत महिने काढू नका. इन्चार्जशी बोलून सलग नाईट कमी करता येतात का पाहा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.