हरितगृहातील असमान ओलावा: ड्रिपर बदलण्याचा माझा अनुभव

माझ्या हरितगृहात ठिबक सिंचनाच्या नळीच्या सुरुवातीची ढोबळी मिरची जोमदार आणि टोकाकडची मलूल दिसू लागली, तेव्हा मी आधी खतालाच दोष दिला. नंतर प्रत्येक ओळीतील पहिल्या, मधल्या व शेवटच्या ड्रिपरखाली (नळीवरील थेंब थेंब पाणी सोडणाऱ्या तोटीखाली) मोजपात्र ठेवून 6 मिनिटांचे पाणी मोजले. ताशी 4 लिटरच्या ड्रिपरमधून या वेळात 400 मिलिलिटर पाणी यायला हवे. सुरुवातीला ते 430, तर टोकाला जेमतेम 260 भरले. खरे तर हे मोजमाप लागवडीपूर्वीच करायला हवे होते.

साध्या ड्रिपरचा प्रवाह दाबाबरोबर बदलतो आणि माझ्या लांब नळ्यांना थोडा चढ होता, म्हणून मी दाब नियंत्रित, म्हणजे दाब कमी-जास्त झाला तरी जवळपास सारखेच पाणी देणारे, ताशी 2 लिटरचे ड्रिपर निवडले. कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुश्यात) थोडे थोडे पाणी अनेकदा द्यावे लागते. त्यामुळे पंप बंद होताच मिटणारा, नळी रिकामी होऊ न देणारा प्रकार घेतला. बसवण्यापूर्वी नळ्यांची टोके उघडून स्वच्छ पाणी येईपर्यंत त्या धुतल्या, योग्य मापाच्या पंचनेच छिद्रे पाडली आणि 120 मेशचा (इंचाला 120 छिद्रांच्या जाळीचा) फिल्टर लावला. आता 6 मिनिटांत दोन्ही टोकांना 200 मिलिलिटरच्या आसपास पाणी मिळते.