टॅप शिकताय? मग या चुका टाळा

२५ मे हा अमेरिकेत राष्ट्रीय टॅप नृत्य दिन असतो. टॅप म्हणजे तळाला धातूच्या पट्ट्या लावलेल्या बुटांनी जमिनीवर ताल वाजवत केलेला नाच. नामवंत टॅप नर्तक बिल ‘बोजँगल्स’ रॉबिन्सन यांचा हा जन्मदिवस. १८७८ साली व्हर्जिनियातल्या रिचमंडमध्ये ते जन्मले, आणि १९८९ मध्ये त्यांच्या जन्मतारखेला टॅपचा दिवस म्हणून कायद्याने मान्यता मिळाली. त्या सुमाराला व्हिडिओ फिरतात, ते बघून आपल्याकडेही कुणी ना कुणी बूट मागवतं, आणि मग तक्रारी सुरू होतात: आवाज स्वच्छ येत नाही, नडग्या दुखतात, खालच्या मजल्यावरच्या काकू वर येऊन गेल्या. बहुतेक अडचणींचं मूळ मला एकच दिसतं. लोक टॅप बघून शिकतात. ऐकायचं राहूनच जातं.

पाय आपटू नका

कथक केलेल्यांना ही सवय हमखास असते. तत्कारात, म्हणजे कथकच्या पायांच्या कामात, अनवाणी तळवा अख्खा पडतो आणि तो भरीव आवाज तिथे हवाच असतो. टॅपच्या बुटाला मात्र दोन धातूच्या पट्ट्या असतात, एक चवड्याखाली, एक टाचेखाली. दोन्ही एकदम पडल्या की नुसता ‘धप्प’ ऐकू येतो.

शफल ही अगदी सुरुवातीची स्टेप घ्या. चवडा पुढे जाताना जमिनीला निसटता लागतो, एक आवाज. मागे येताना दुसरा. हे दोन आवाज एकमेकांत मिसळत असतील तर तुम्ही घोटा ताठ ठेवून पाय मांडीपासून झुलवताय. खुर्चीची पाठ धरा, एका पायावर उभे राहा, दुसऱ्याचा गुडघा किंचित उचला आणि पाऊल सैल लोंबू द्या. मग अगदी हळू, वीतभरही न हलता, दोन सुटे आवाज काढा. एकच आवाज येतोय? मग पाऊल फार लांब जातंय आणि परतताना जमिनीला लागतच नाही. हालचाल जितकी लहान, तितका आवाज स्वच्छ. वेग वाढवायचा झाला तरी हेच लागतं.

फ्लॅप या दुसऱ्या स्टेपमध्ये घोळ वेगळा. पुढे घासून चवड्यावर वजन टाकायचं, बस. पण टाच नकळत खाली येते आणि न मागितलेला तिसरा आवाज देते. उपाय म्हणजे अंग जरा पुढे, वजन चवड्यावर, गुडघे मऊ. पुढचं पाऊल अडकल्यासारखं वाटलं तर मागच्या पावलावरून वजन पूर्ण सुटलेलं नाही असं समजा.

टाच वाजवूच नये असं नाही. रॉबिन्सन लाकडी तळव्याच्या बुटांनी, बहुतेक चवड्यांवरच, हलकं आणि टिपून नाचत. १९२० च्या दशकात जॉन बबल्स या टॅप नर्तकाने लय निम्म्यावर आणली, टाचा खाली सोडल्या आणि मोकळ्या झालेल्या जागेत भरपूर आघात पेरले. आजचा ऱ्हिदम टॅप बराचसा तिथून येतो. तेव्हा टाच आधी आवरायला शिका, मग मुद्दाम सोडा.

फरशी आणि स्क्रू

फरशी किंवा सिमेंटवर सराव करू नका. पट्ट्या घसरतात, फरशी टवकते, आणि धक्का जिरवायला काहीच नसल्याने तो नडग्यांना आणि गुडघ्यांना बसतो. स्प्रंग, म्हणजे खालून किंचित दबणारी, लाकडी जमीन उत्तम. घरी जाडसर प्लायवूडची फळी आणि तिच्याखाली रबरी मॅट घातली तरी चालतं. काकूंसाठीही तेच बरं. तरी दुपारी दोन ते चार नकोच. बुटांत किणकिण येत असेल तर पट्टीचा स्क्रू सैल झालाय. स्क्रूचं डोकं बाहेर आलं असेल तर ते जमीन ओरबाडतं, म्हणून सरावाआधी तळवा उलटा करून बघावा.

आधी तोंडाने म्हणा

इथे कथकवाल्यांचा फायदा आहे. पढंत, म्हणजे बोल तोंडाने म्हणायची सवय टॅपमध्ये जशीच्या तशी चालते. जुने टॅपर स्टेपचा ताल तोंडानेच म्हणून दाखवत. जे तोंडातून नीट येत नाही ते पायातूनही येणार नाही.

फक्त एक फरक ध्यानात घ्या. टॅप बहुतेकदा जॅझवर नाचतात, आणि जॅझच्या स्विंगमध्ये, म्हणजे झुलत्या लयीत, मात्रेचे दोन भाग सारखे नसतात. पहिला लांब, दुसरा आखूड. मध्यम लयीत हे तिश्राच्या जवळ जातं: मात्रेचे तीन तुकडे करा, पहिला आणि तिसरा वाजवा. आघात सगळे बरोबर असूनही नाच कवायतीसारखा वाटत असेल, तर चूक बहुधा इथे असते. कथक आणि टॅप एकमेकांशी किती छान बोलतात ते पाहायचं असेल, तर कथकचे पंडित चित्रेश दास आणि टॅपर जेसन सॅम्युएल्स स्मिथ यांची जुगलबंदी शोधा.

टॅप म्हणजे नुसता फ्रेड अस्टेअर नव्हे

हॉलिवूडच्या सिनेमांतला हा नर्तक थोर होताच. पण गोष्ट तिथून सुरू केली की अर्धी हरवते. साउथ कॅरोलिनात १७३९ च्या गुलामांच्या उठावानंतर पुढच्या वर्षी कायदा झाला आणि त्यांच्या ढोलांवर बंदी आली. ताल टाळ्यांवर, मांड्यांवर, पायांवर चालू राहिला. त्यात आयरिश जिग आणि लँकशरचा लाकडी बुटांचा क्लॉग नाच मिसळला. १८४० च्या दशकात न्यूयॉर्कच्या फाइव्ह पॉइंट्स या गरीब वस्तीत कृष्णवर्णीय आणि आयरिश शेजारी राहत. तिथेच विल्यम हेन्री लेन, म्हणजे ‘मास्टर जुबा’, नावारूपाला आला. १८४२ मध्ये चार्ल्स डिकन्सने तिथे पाहिलेला नर्तक तोच असं मानतात. पुढे न्यूयॉर्कच्याच हार्लेम भागातल्या हूफर्स क्लब या टॅपरांच्या अड्ड्यावर मंडळी एकमेकांच्या स्टेप्स बघत, पण त्या हुबेहूब उचलणं कमीपणाचं मानलं जाई. निकोलस बंधू या नर्तक जोडीच्या १९४३ च्या ‘स्टॉर्मी वेदर’ सिनेमातल्या जिन्यावरच्या उड्या बघून दिवाणखान्यात स्प्लिट मारणाऱ्यांना यापेक्षा जास्त काय सांगणार? पाय सांभाळा.

या २५ मे ला काही करायचंच असेल तर शिम शॅम हा ठरलेल्या स्टेप्सचा नाच शिका. १९२० च्या दशकातली, लिओनार्ड रीड आणि विली ब्रायंट यांच्या नावे असलेली ही ३२ बारची (बार म्हणजे चार मात्रांचा गट) रचना जगभरच्या टॅपरना येते, त्यामुळे अनोळखी लोकही एका रांगेत उभं राहून नाचू शकतात. सगळे अडखळतात ते सुरुवातीला. आठ-आठ मात्रांच्या मोजणीत पहिला शफल एकवर टाकला की रांग पुढे आणि तुम्ही मागे. तो आठवर निघतो आणि एकवर उतरतो. समेवर यायचं, समेपासून निघायचं नाही; तबल्याच्या साथीने वाढलेल्या कानांना हे दोन-तीन फेऱ्यांत जमतं.