मुंगळे पाळायचे असतील तर

झाडाच्या बुंध्यावरून मूठभर मुंगळे बाटलीत भरून आणले की वसाहत झाली, असं बऱ्याच मुलांना वाटतं. त्यांच्या वडिलांनाही वाटतं. ते मुंगळे थोडे दिवस हिंडतात, साखर खातात आणि एकेक करून मरतात, कारण नव्या कामकरणींना जन्म देणारी त्यांच्यात कोणीच नसते. वसाहत हवी तर राणी हवी, आणि एकटी राणी पुरते. तिला न छळणं एवढंच आपलं काम. नेमकं तेच लोकांना जमत नाही.

मी साताऱ्यात पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. काचेच्या नळ्या, चिमटे, कापूस हे सगळं हाताखालचं, म्हणून या नादाला लागणं मला सोपं गेलं. तुम्हालाही फार काही विकत घ्यावं लागणार नाही. मुंग्या पाळायला म्हणून बाजारात मिळणाऱ्या जेलच्या निळ्या डब्या तर मुळीच घेऊ नका, त्यात राणी आणि पिल्लं वाढवता येत नाहीत.

सुरुवात आपल्या नेहमीच्या मोठ्या काळ्या मुंगळ्यापासून करा. शास्त्रीय नाव कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस. त्याला नांगी नसते, पण कडकडून चावतो. अंगानं मोठा असल्यामुळे भिंगाशिवाय सगळा कारभार दिसतो. पानं शिवून घर करणाऱ्या तांबड्या हुमल्यांच्या वाटेला नवख्यानं जाऊ नये.

राणी मिळते पावसाळ्याच्या तोंडाशी आणि सुरुवातीच्या आठवड्यांत. पाऊस पडून उघडला, हवा दमट आणि वारा पडलेला असला, की पंखवाले मुंगळे बाहेर पडतात. संध्याकाळी जिन्यातल्या दिव्याखाली, कंपाउंडच्या भिंतीच्या कडेला बघा. त्याच सुमाराला वाळवीचेही पंखवाले किडे दिव्यावर येतात, त्यांच्याशी गल्लत होते. वाळवीचे चारही पंख सारख्या लांबीचे आणि कंबर जाड. मुंगळ्याचे पुढचे पंख मोठे, मागचे लहान, आणि कंबर अगदी बारीक. डोकं इवलंसं आणि अंग सडपातळ असेल तर तो नर, त्याला सोडून द्या. राणी दीडेक सेंटिमीटर लांब, छाती फुगीर, पोट भरलेलं. शोधायची ती पंख गाळून जमिनीवर एकटी, घाईघाईनं फिरणारी. छातीच्या दोन्ही बाजूंना पंख तुटल्याच्या खुणा दिसतात. पंख असलेली राणी बहुधा नराशी मीलन न झालेली असते, ती आणून उपयोग नाही. जमीन खणून राणी काढायच्या भानगडीत पडू नका. राणी खोलवर असते, सापडत नाही, आणि चांगलं चाललेलं घर मात्र उद्ध्वस्त होतं. दोन राण्या एका नळीतही ठेवू नका.

आता नळी. साधारण 15 सेंटिमीटर लांब आणि दीड सेंटिमीटर व्यासाची काचेची टेस्ट ट्यूब, नवी कोरी. रक्त घ्यायच्या रंगीत टोपणाच्या ट्यूब कोणी फुकट देऊ केल्या तरी नकोत, त्यांतल्या बऱ्याच ट्यूबना आतून रसायन लावलेलं असतं. तळाचा एक तृतीयांश भाग उकळून गार केलेल्या पाण्यानं भरा. मग कापसाचा घट्ट बोळा पेन्सिलीच्या मागच्या टोकानं आत सारत न्या, पाण्याला टेकून वरपर्यंत ओला होईस्तोवर. मध्ये हवेचा बुडबुडा राहता कामा नये. कापूस मेडिकलमधला सर्जिकल घ्या. लॅबमध्ये नळ्यांची तोंडं बंद करायला वेगळा कापूस येतो, तो पाणी शोषतच नाही. तो आत लावलात तर मागे पाणी असूनही राणी कोरडी राहील. राणीला आत सोडा, तोंडाशी कापसाचा सैलसर बोळा बसवा. हवा त्यातून जाते.

नळीभोवती काळा कार्डपेपर गुंडाळा आणि ती कपाटाच्या खणात आडवी ठेवा. फ्रीजवर नको, वॉशिंग मशीनच्या आसपास नको. मुंग्यांना आपल्यासारखं ऐकू येत नसलं तरी थरथर पायांतून चटकन कळते. राणी बिथरली की स्वतःचीच अंडी खाते. खायला काही घालू नका. आता उडायचं नसल्यामुळे पंखांचे स्नायू तिच्या अंगात विरघळतात, आणि त्यांवर व पोटातल्या चरबीवर ती स्वतः जगते, पहिल्या अळ्याही पोसते. आठवड्यातून एकदा, लाल जिलेटीन कागद लावलेल्या टॉर्चनं, मिनिटभर बघा. लाल उजेड मुंग्यांना फारसा जाणवत नाही.

पहिल्या काही दिवसांत पांढरट अंड्यांचा चिकट पुंजका दिसतो. राणी तो उचलून ओल्या कापसाजवळ नेते, परत आणते. मग अळ्या, मग फिकट तपकिरी कोष. या कोषांनाच लोक अंडी म्हणतात. दीडेक महिन्यात, गारठा असेल तर अजून उशिरा, पहिली कामकरीण बाहेर येते. हे बघायला मिळालं तर सोडू नका. कोषाच्या एका टोकाशी राणी जबड्यानं कुरतडत बसते, रेशमाला भोक पडतं, आणि आतून चहात भरपूर दूध घातल्यासारख्या रंगाची, पाय अंगाशी घट्ट मुडपलेली मुंगी ओढून काढली जाते. थोड्या वेळानं ती लटपटत उभी राहते. काळा रंग नंतर चढतो. या पहिल्या पाच-दहाजणी रस्त्यावर दिसणाऱ्या मुंगळ्यांपेक्षा बऱ्याच लहान असतात, खुरटल्या म्हणून घाबरू नका.

आता खाणं सुरू. गोड म्हणजे एक भाग साखर आणि तीन भाग पाणी, फॉइलच्या तुकड्यावर एक थेंब. जास्त घातलंत तर त्यात बुडून मरतात. अळ्यांना प्रथिनं लागतात: उकडलेल्या अंड्याचा मोहरीएवढा बलक, नाहीतर किडा. रॅकेटनं मारलेला डास उत्तम. मात्र घरात फवारा किंवा मुंग्या-झुरळांचा खडू वापरत असाल तर मेलेलं झुरळ उचलून घालू नका, एका पायातल्या विषानंही वसाहत संपू शकते. बाहेरून आणलेला किडा उकळत्या पाण्यात बुडवून मगच द्या, म्हणजे त्याच्या अंगावरचे बारीक माइट आत जात नाहीत. पूर्ण वाढ झालेल्या मुंग्यांना घट्ट अन्न गिळता येत नाही, त्या रस चोखतात आणि तोंडाला तोंड लावून एकमेकींना वाटतात. उरलेला सांगाडा दुसऱ्या दिवशी चिमट्यानं काढा, नाहीतर बुरशी येते.

कामकरणी वाढल्या की नळीचं तोंड उघडून ती प्लास्टिकच्या खोल डब्यात ठेवायची. डब्याच्या आतल्या वरच्या काठाला टाल्कम पावडर आणि स्पिरिट यांचा पातळ लेप ब्रशनं तीन-चार बोटं रुंद लावा आणि पूर्ण वाळू द्या. वाळलेल्या पावडरवर त्यांचे पाय घसरतात. साताऱ्याच्या पावसात मात्र ही पावडर दमट होऊन कुचकामी ठरते, तेव्हा लेप पुसून पुन्हा लावायचा आणि वर बारीक जाळीचं झाकणही ठेवायचं. धोका बाहेरूनही असतो. घरातल्या बारीक मुंग्या साखरेच्या वासानं आत शिरतात आणि राणीसकट सगळ्यांचा फडशा पाडतात. त्यासाठी लोण्याच्या भांड्याखाली ठेवतात तशी पाण्याची ताटली. डबा पाण्याच्या मधोमध, पाण्यात साबणाचा थेंब.

नळी गजबजली की मगच घर. घाईनं मोठं घर दिलं तर रिकाम्या कोपऱ्यांचा उकिरडा होतो. बांधकामावरून सिपोरेक्सच्या, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या, विटेचा तुकडा आणा. स्क्रू ड्रायव्हरनं खोल्या आणि बोळ कोरता येतात इतका तो मऊ असतो. धूळ नाकात जाते, रुमाल बांधा. कोरून झालं की काही दिवस पाणी बदलत भिजत ठेवा आणि वाळवा. वर काच, काचेवर लाल कागद, आणि एका टोकाला पाणी घालायला खड्डा, म्हणजे एक बाजू ओली आणि एक कोरडी राहते. कुठे बसायचं ते त्या ठरवतात. मुंग्यांना नळीतून झटकून काढू नका. नळीवरचा काळा कागद काढा, घर अंधारात ठेवा. कधी त्या रातोरात जातात, कधी आठवडाभर ढिम्म हलत नाहीत.

हे वर्षानुवर्षांचं काम आहे, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा. जॉन लबक हे इंग्लंडमधले बँकर काचांच्या मध्ये मुंग्या पाळत. त्यांनी 1874 मध्ये आणलेली एक राणी 1888 पर्यंत जगली. ती जात वेगळी, पण आपल्या राण्याही दीर्घायुषी असतात. पाळणं झेपेनासं झालं तर वसाहत जिथली राणी तिथेच, त्याच परिसरातल्या झाडाखाली नेऊन सोडा. परगावी नाही.

आठ दिवस गावाला जायचं असेल तर पाणी भरा, साखरपाण्यात कापूस बुडवून ठेवा आणि निघा. शेजाऱ्यांना किल्ली दिली असेल तर एवढंच बजावा की फडताळाजवळ फिनेल मारायचं नाही. आमच्या शेजारच्या काकूंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मुंग्या आहेत ना घरात, मग मारू नको तर काय करू?"