वन पॉकेटमध्ये मुद्दाम फाऊल मारताना या चुका टाळा

बेळगाव असो, निपाणी असो की खानापूर, आपल्याकडं क्यू हातात धरणारा बहुतेक करून आधी स्नूकर शिकतो, नाहीतर एट बॉल. वन पॉकेट या पूलच्या खेळाकडं तो नंतर वळतो आणि येताना दोन्ही खेळांच्या सवयी घेऊन येतो. स्नूकरवाल्याला मुद्दाम फाऊल मारायची लाज वाटते, एट बॉलवाल्याला भीती वाटते. वन पॉकेटला दोन्ही चालत नाहीत. इथं फाऊल ही विकत घ्यायची गोष्ट आहे आणि तिची किंमत ठरलेली आहे.

नियम थोडक्यात. टेबलावर 15 बॉल. रॅकच्या (बॉल त्रिकोणात लावतात त्या) बाजूचे दोन कोपरे, म्हणजे पॉकेट, त्यातला एक तुमचा, एक समोरच्याचा. आपल्या कोपऱ्यात आधी 8 बॉल घालेल तो जिंकला. फाऊल झाला की पाळी संपते आणि तुमच्या खात्यातला एक बॉल परत फूट स्पॉटवर (रॅकच्या बाजूच्या ठरलेल्या खुणेवर) जातो. खात्यात काहीच नसेल तर एक बॉल उधार राहतो. एकाच खेळाडूचे लागोपाठ तीन फाऊल झाले की त्याचा गेम गेला.

फाऊलला घाबरून रास फोडणे

सगळ्यात जास्त गेम इथं जातात. समजा व्हाईट (क्यूनं मारायचा पांढरा बॉल) राशीला, म्हणजे बॉलच्या घोळक्याला, चिकटून अडकलाय आणि समोरच्याच्या पॉकेटजवळ त्याचे दोन बॉल तयार आहेत. कायदेशीर शॉट मारायचा तर बॉलला लागल्यानंतर काहीतरी कुशनला गेलं पाहिजे, म्हणजे जोर लावावा लागणार. जोर लावला की रास फुटते आणि चार बॉल त्याच्या बाजूला सांडतात. स्नूकर खेळलेला माणूस तरीही मारतो, कारण तिथं मुद्दाम फाऊल मारला की रेफरी ‘फाऊल अँड अ मिस’ म्हणतो, किमान 4 पॉइंट जातात आणि समोरचा बॉल पूर्वीच्या जागी ठेवायला लावू शकतो. ती सवय हातात मुरलेली असते. बाकावरून कुणीतरी जाणता ओरडतोच, “मारूलाय्स कशाला, ठेव की तसाच!”

त्याचं ऐका. टिपनं व्हाईटला नुसता स्पर्श करा, इतका की तो राशीतल्या बॉलला टेकूनच राहील. एक बॉल गेला. पण आता तीच अडचण समोरच्याच्या गळ्यात आहे, कारण स्क्रॅच (व्हाईटच पॉकेटमध्ये जाणं) सोडून बाकी फाऊलनंतर व्हाईट आहे तिथूनच खेळायचा असतो.

हा स्पर्श क्यूच्या टिपनंच झाला पाहिजे. बोटानं ढकलणं किंवा मुद्दाम डबल हिट (एकाच शॉटमध्ये व्हाईटला दोनदा टिप लावणं) करणं हा फाऊल नव्हे, ती लबाडी झाली. आणि मारताना हात हलका ठेवा. दोन इंच जास्त सरकला तर व्हाईट राशीतून मोकळा होतो, मग पैसेही गेले आणि मालही गेला. पावसाळ्यात आपल्याकडची हवा इतकी दमट असते की कापड जड होतं आणि बॉल लवकर थांबतो. उन्हाळ्यात त्याच टेबलावर तेवढाच धक्का जास्त लांब जातो. खेळायला बसण्याआधी दोन-तीन बॉल हळू सोडून अंदाज घ्या.

स्क्रॅच आणि साधा फाऊल एकाच मापानं मोजणे

कागदावर दोन्हीचा दंड एकच, एक बॉल. टेबलावर मात्र फरक मोठा आहे. व्हाईट पॉकेटमध्ये गेला किंवा टेबलाबाहेर उडाला तर समोरच्याला तो हेड स्ट्रिंगच्या (रॅकच्या विरुद्ध टोकाकडच्या आडव्या रेषेच्या) मागे हवा तिथं ठेवायला मिळतो. एट बॉलसारखा सगळ्या टेबलावर नाही, हे ध्यानात असू द्या, पण चांगल्या खेळाडूला एवढं पुरतं. म्हणून स्क्रॅच फुकट देऊ नका.

तरीही एक जागा अशी आहे की स्क्रॅचच वाचवतो. समोरच्याचे 7 झालेत आणि एक बॉल त्याच्या पॉकेटच्या तोंडावर लोंबतोय. तुम्ही व्हाईट राशीमागे लपवला तरी उपयोग थोडाच, तोंडावरच्या बॉलला कुशनवरून कसाही धक्का लागला तरी तो आत जातो. अशा वेळी तो बॉल तुम्हीच घाला आणि त्याच्या मागोमाग व्हाईटही घाला. स्क्रॅच झाल्यामुळं बॉल त्याच्या नावावर लागत नाही, स्पॉटवर येतो. दंडाचा तुमचा एक बॉलही त्याच्या मागे लागतो.

इथली चूक हाताची असते. बरेच जण व्हाईटला मध्यावर मारतात, बॉल आत जातो आणि व्हाईट तोंडाशीच थांबतो. म्हणजे शेवटचा बॉल आपल्याच हातानं त्याला दिला. व्हाईट मध्याच्या वर मारा, बॉलवर पूर्ण घ्या आणि क्यू पुढं जाऊ द्या, म्हणजे व्हाईट त्याच्या मागे धावत आत जाईल. बॉल पातळ, म्हणजे नुसता कडेला, लागला तर व्हाईट पॉकेटच्या कडेला धडकून बाहेर राहतो. कोन वाकडा असेल तर आधी उभं राहून नीट बघा, घाई नको.

यानंतर समोरच्याला हेड स्ट्रिंगमागून स्पॉटवरच्या बॉलवर एक शॉट मिळणारच. तो अवघड असतो, पण अशक्य नसतो. त्याचे 7 असतील तर हा धोका घेणं बरोबर. त्याचे 3 असतील तर मात्र एक बॉल वाचवायला आपला एक बॉल आणि हातात व्हाईट, दोन्ही द्यायचे का, याचा हिशेब आधी करा. बहुतेक वेळा तो बॉल त्याला जाऊ द्यावा आणि त्यानंतर व्हाईट कुठं राहतो ते सांभाळावं, असं माझं मत.

मोजणी विसरणे

दोघंही व्हाईटला टुचूक टुचूक करत बसले की मजा येते, पण हिशेब सुरुवात करणाऱ्याच्या विरुद्ध असतो. तुम्ही सुरुवात केली: तुमचा एक, त्याचा एक, तुमचे दोन, त्याचे दोन. आता तिसरा तुमचा, म्हणजे कायदेशीर शॉट तुम्हालाच मारायचाय, आणि तोही दोन बॉल गमावल्यावर. म्हणून पहिला टुचका मारण्याआधीच चौथ्या फाऊलनंतरचं चित्र बघा. तिथून सुटायला तुमच्याकडं एखादा बँक (बॉल कुशनवर आपटून परतवणं) किंवा साधा बाहेरचा रस्ता नसेल तर सुरुवातच करू नका. उलट, समोरच्यानं सुरुवात केली आणि जागा तशीच राहिली तर त्याला उत्तर फाऊलनंच द्या, कोंडी त्याच्यावर उलटते.

सेफ्टी म्हणजे लपवणं, हा समज

सेफ्टी म्हणजे समोरच्याला सोपा शॉट मिळू नये म्हणून मारलेला शॉट. स्नूकरमध्ये बॉल दिसू नये म्हणून झटतात. वन पॉकेटमध्ये समोरच्याला दहा बॉल दिसले तरी चालतील, त्यातला एकही त्याच्या कोपऱ्याच्या वाटेवर नसला म्हणजे झालं. त्यामुळं चांगली सेफ्टी दोन कामं करते: एखादा बॉल तुमच्या बाजूला सरकवते आणि व्हाईट अडचणीत ठेवते. व्हाईट त्याच्याच पॉकेटजवळ कुशनला चिकटून राहिला तर बहुतेक बॉल त्याला पॉकेटपासून लांब मारावे लागतात. फिलिपिन्सच्या एफ्रेन रेयेस यांचे व्हिडिओ आपली पोरं बँक आणि किकसाठी (व्हाईट आधी कुशनला मारून बॉलला लावणं) बघतात. अमेरिकेतल्या डर्बी सिटी क्लासिक या पूल स्पर्धेत वन पॉकेटची विजेतेपदं त्यांनी अनेकदा जिंकली. पुढच्या वेळी त्यांचा बॉल पॉकेटमध्ये गेला की नाही हे सोडा आणि चुकला तर व्हाईट कुठं थांबला ते बघा.

आणि उधारी. हॉलमध्ये टेबलाचं भाडं तासावर चालतं, वन पॉकेटचा एक गेम अर्धा-पाऊण तास सहज खातो आणि मध्येच “तुझा एक बाकी होता” यावरून वाद होतो. ज्याच्यावर बॉल बाकी आहे त्याच्या पॉकेटजवळ कडेच्या लाकडावर एक नाणं ठेवा आणि पुढच्या पाळीत बॉल गेला की पाळी संपल्यावर तो स्पॉटवर लावून नाणं उचला. तीन फाऊलचा नियम धरायचा की नाही आणि स्क्रॅचमध्ये गेलेल्या बॉलचं काय, हे रॅक लावण्याआधीच बोलून घ्या.